माळ वाचायला शिकताना: कोरड्या मुलखातले पक्षी आणि झाडं जगतात कशी?

एप्रिल उजाडला की दरवर्षी बातमी येते, मराठवाड्याचं वाळवंट होतंय. भेगाळलेला तलाव, टँकरपुढची रांग, आणि वर हा मथळा. गेल्या उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या निसर्गवर्गात सातवीतली एक मुलगी हे कात्रण घेऊन आली. म्हणाली, "ताई, मग आपल्याकडे उंट येतील का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाळवंट होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मोठ्यांपैकीही कुणाला धड सांगता येईना. तो सगळा रविवार त्या एका प्रश्नात गेला, आणि पुढचे तीन रविवारही. हा लेख त्या चार रविवारांचा आहे.

वर्ग म्हणजे फार काही थाट नाही. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातल्या एका गायरानावर सकाळी साडेसहाला दहा-पंधरा माणसं जमतात. शाळेची पोरं, त्यांच्या दोन-तीन आया, एक निवृत्त पोस्टमन काका, आणि मेंढ्या घेऊन तिथून जाणारे एक धनगरमामा. मामा आधी नुसते थांबून बघायचे, आता निम्मं तेच शिकवतात. अट एकच, आपल्याला काही येत नाही असं समजून यायचं.

## वाळवंट कशाला म्हणायचं?

ढोबळ मोजमाप असं आहे की वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंट. जैसलमेरला २०० मिलिमीटरही पडत नाही. मराठवाड्याची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. आमच्याकडे, बालाघाटाच्या पश्चिमेला आष्टी-पाटोद्याच्या पट्ट्यात, त्याहून कमी. तरीही वाळवंट म्हणावं इतकं कमी नाही.

मग इतका कोरडेपणा कुठून येतो? घरखर्चाचा हिशेब डोळ्यापुढे आणा. पाऊस हा पगार, आणि ऊन-वाऱ्यानं उडून जाणारं पाणी हा खर्च. इथलं ऊन आणि वारा मिळून वर्षभरात पावसाच्या दुपटीपेक्षाही जास्त पाणी उडवून नेऊ शकतात. त्यात पगार वर्षातून चारच महिने येतो, तोही कधी एका हप्त्यात सगळा, कधी दोन महिने दांडी मारून. ज्या प्रदेशात पाऊस हा या संभाव्य खर्चाच्या निम्म्याहून कमी असतो, पण अगदी नगण्यही नसतो, त्याला निमशुष्क म्हणतात. मराठवाड्याचा बहुतेक भाग या खात्यात मोडतो. वाळवंटाचा सख्खा शेजारी म्हणा.

बातमीतला शब्द असतो वाळवंटीकरण. त्याचा अर्थ वाळू सरकत सरकत आपल्या गावापर्यंत येणं असा नाही. कोरड्या प्रदेशातल्या जमिनीचा कस जाणं, माती वाहून जाणं, तिची काही उगवण्याची ताकद कमी होत जाणं, याला तो शब्द आहे. इस्रोच्या अहमदाबाद इथल्या केंद्रानं उपग्रहांवरून केलेल्या नोंदीनुसार २०१८-१९ मध्ये देशातली सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन या ना त्या प्रकारे अशी खालावलेली होती. म्हणजे देशाचा तिसऱ्या हिश्श्याजवळ जाणारा भाग. काळजी खरी आहे.

घोटाळा इथे होतो. एक माणूस अंगानंच काटक असतो, दुसरा उपासमारीनं खंगलेला. लांबून दोघंही बारीकच दिसतात. माळरान हा काटक माणूस आहे. थोड्या पाण्यात जगायचं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. माती वाहून गेलेलं, खणून टाकलेलं, चरून चरून बोडकं झालेलं रान हा खंगलेला माणूस. दोघांना एकच औषध दिलं तर काटक माणूसही आजारी पडेल. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, माळावर गुडघे टेकून बसल्यावर कळला.

## सुतळीचा चौकोन

पहिल्या तासाला दुर्बीण पिशवीतच राहते. चार काड्या आणि चार मीटर सुतळी देतो. प्रत्येकानं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात जे जे वेगळं दिसेल ते वहीत मांडायचं. नाव येत नसेल तर चित्र काढायचं. चित्र येत नसेल तर, "वाटाण्याएवढं, खरखरीत, करड्या रंगाचं" असं लिहायचं.

मे महिन्यात, जिथे "काहीच नाही" असं सगळे म्हणत होते, तिथे त्या मुलीनं अकरा गोष्टी मांडल्या. तीन प्रकारची वाळली गवतं, मुंग्यांचं बीळ आणि त्याभोवती टाकलेला कोंडा, सशाच्या लेंड्या, एक रिकामा शंख, तरवडाचं वीतभर रोप, वाळवीनं पांघरलेली काडी, आणखी काय काय. शंख बघून पोस्टमनकाका चमकले. माळावर गोगलगाय? असते. पावसाळा संपला की ती मातीत शिरून शंखाचं तोंड बंद करून घेते आणि पुढच्या पावसापर्यंत पडून राहते. पहिला पाऊस झाला की जमिनीतून लाल मखमली मृगाचे किडे वर येतात, तेही याच हिशेबात.

कोरड्या मुलखात जगण्याच्या दोन तऱ्हा इथेच कळतात. कोरडा काळ टाळायचा, नाहीतर सोसायचा. गोगलगाय, मृगाचा किडा, पावसाळी गवतांचं बी, जमिनीतले कंद हे टाळणारे. बाभूळ, निवडुंग, टिटवी हे सोसणारे.

## तळहातावरचं कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. पण कुसळ काय करतं, हे वर्गातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

दिवाळीनंतर माळावर कुसळी गवत पिकतं. चालताना पायजम्यात, साडीच्या काठात घुसून बसतं ते. त्याचं एक बी घ्या. खाली सुईसारखं टोक, टोकाच्या वर तांबूस केस, ते मागे वळलेले, आणि त्यावर बोटापेक्षा लांब काळपट शेपटी, दोरीसारखी पीळ पडलेली. तळहात ओला करा आणि ते बी त्यावर ठेवा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटी हलते. आधी जराशी, मग घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरायला लागते, आणि हातावर एक सुई वळवळतेय असं वाटतं. दर वेळी कुणीतरी ओरडून हात झटकतंच.

जादू काही नाही. शेपटीतले काही थर पाणी लागताच जास्त फुगतात, काही कमी. त्यानं पीळ सुटतो. वाळलं की परत पीळ बसतो. जमिनीवर पडलेलं बी दवानं ओलं होतं, उन्हानं वाळतं, पुन्हा ओलं होतं. दर वेळी शेपटी फिरते आणि खालचं टोक स्क्रूसारखं जमिनीत आत जातं. मागे वळलेल्या केसांमुळे ते आत सरकतं, बाहेर येत नाही. अशा रीतीनं बी स्वतःच स्वतःला पेरतं. ऊन, मुंग्या, पाखरं आणि माळावरचा वणवा या सगळ्यांपासून ते मुरमात सुरक्षित राहतं.

धनगरमामांना मात्र या गवताचा राग आहे, आणि तो रास्त आहे. पिकलं कुसळ मेंढीच्या लोकरीतून थेट कातड्यात शिरतं. मामा म्हणतात, "कवळं असताना चारायचं, पिकलं की त्या वाटंनं जायचंच नाही." माळाचं हे वेळापत्रक त्यांच्या डोक्यात आहे.

पाणी लागलं की पीळ सुटतो, एवढं लक्षात ठेवा. पुढे एका पक्ष्यापाशी पुन्हा लागणार आहे.

## पानं कमी, काटे फार

झाड पानांतून श्वास घेतं. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत येते. पण दार उघडलं की आतलं पाणी बाहेर उडतंच. कोरड्या मुलखातल्या झाडाची सगळी अडचण या एका दारात आहे. अन्न बनवायला दार उघडावं लागतं, आणि पाणी वाचवायला ते बंद ठेवावं लागतं.

बाभूळ, हिवर, शमी यांनी पानं चिमुकली करून घेतली. मोठं पान तव्यासारखं तापतं, बारीक पानांची उष्णता वारा लगेच नेतो. नेपतीनं तर पानांचा नादच सोडला. कोवळ्या फांदीवर चार दिवस इवलीशी पानं येतात आणि गळतात. अन्न बनवतात त्या हिरव्या काड्याच. उन्हाळ्यात विटकरी-लाल फुलांनी भरलेली, एक पान नसलेली नेपती पाहिली की हे वाळलंय की फुललंय असा प्रश्न पडतो. लग्नाच्या राजस्थानी जेवणात केर-सांगरीची भाजी खाल्ली असेल, तर त्यातला केर म्हणजे याच नेपतीचं फळ आणि सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती शमी थरच्या वाळवंटात खेजडी म्हणून घर चालवते.

रुईचं पान मोठं आहे, पण त्याला मेणासारखा लेप आहे आणि आत चीक. गुरं तोंड लावत नाहीत. तरवडही शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून चरून संपलेल्या माळावरही तो पिवळाधमक उभा असतो आणि नवरात्रात त्याच्या फुलांच्या माळा देवीला चढतात.

निवडुंगाची युक्ती मला सगळ्यांत आवडते. दिवसा दुकान बंद, रात्री शटर उघडून माल भरायचा. रात्रीच्या गारव्यात छिद्रं उघडून तो हवा आत घेतो आणि आंबट रसाच्या रूपात साठवतो. दिवसा दारं लावून, उन्हाच्या बळावर, त्याच साठ्यातून अन्न शिजवतो.

आपण निवडुंग म्हणतो ती झाडं मुळात दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत. लाल बोंडांचा फड्या निवडुंग अमेरिका खंडातून आला. तो इथला नाही. कुंपणाला असतो तो पांढऱ्या चिकाचा, धारदार कांड्यांचा निवडुंग वेगळ्या कुळातला. एकमेकांपासून हजारो मैलांवर, नातं नसताना, दोघांनी एकसारखं अंग कमावलं, कारण दोघांपुढची अडचण तीच होती. फरक ओळखायची खूण चीक. पण मुलांना काडी मोडू देऊ नका. तो चीक डोळ्यात गेला तर डोळा गमावण्याची वेळ येते.

## पोटावरून पाणी नेणारा बाप

सकाळी आठच्या सुमारास, ऊन जरा चढलं की पाझर तलावाकडे पखुर्ड्या येतात. कुणी यांना भाटतितर म्हणतं. कबुतराएवढा, मुरमाच्या रंगाचा पक्षी. बसलेला असला तर दहा पावलांवरूनही दिसत नाही. खाणं म्हणजे नुसतं कोरडं बी, त्यामुळे पाणी प्यायला रोज यावंच लागतं.

मोठ्यांचं ठीक आहे, पण पिल्लांचं काय? ती अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात, स्वतः दाणे टिपतात, पण उडता येत नाही. पाणी कोसभर लांब.

यावर पखुर्डीच्या नरानं काढलेला मार्ग असा. तो पाण्यात पोटापर्यंत शिरतो, अंग घुसळतो, पोटाची पिसं भिजवतो, आणि ते पाणी घेऊन पिल्लांकडे उडतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. १८९६ मध्ये मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकानं पाळलेल्या पक्ष्यांत हे पाहून लिहिलं, तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात केड आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. तिथल्या जातीचा नर एका खेपेला जवळपास २५ मिलिलिटर पाणी उचलू शकतो. चमच्यानं मोजाल तर पाच छोटे चमचे.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे पीस सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईनं पाहिलं. पोटाच्या पिसाचे धागे कोरडे असताना पीळ पडलेले असतात. पाणी लागताच पीळ सुटतो, धागे उभे राहतात आणि त्यांच्या गर्दीत पाणी अडकून बसतं, स्पंजात बसावं तसं. कुसळाच्या शेपटीत आपण जे पाहिलं, त्याच जातीची ही गोष्ट. एक गवत आणि एक पक्षी, दोघांनी पाण्याचा माग एकाच युक्तीनं धरला. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

## अंडं उबवायचं की गार ठेवायचं?

कोंबडी अंडी उबवते हे सगळ्यांना माहीत. मे महिन्यातल्या टिटवीपुढची अडचण उलटी आहे. तिची अंडी उघड्या जमिनीवरच असतात. दुपारी मुरमाला हात लावता येत नाही, आणि अंडं चाळीस अंशांच्या वर फार वेळ राहिलं तर आतला जीव मरतो. म्हणून भर उन्हात टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. ती ऊब देत नसते. जवळ पाणी असलं तर पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना आपण, तसंच.

पक्ष्यांचं अंगच मुळात काटकसरी. त्यांना घाम येत नाही, आणि लघवी अशी वेगळी नसते. विष्ठेतला पांढरा भाग हाच तो ऐवज, घट्ट, कमीत कमी पाण्याचा. होला आणि पिंगळा दुपारी चोच उघडी टाकून गळा थरथरवतात, ते गळ्यातून वाफ सोडून अंग गार करणं असतं.

माळावर धाविकही अंडी अशीच उघड्यावर घालतो. तांबूस अंगाचा, डोळ्यावर काळी-पांढरी पट्टी असलेला हा पक्षी पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो, परत पळतो. नाव त्यावरूनच पडलं. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल हवेत सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं पक्षी आणि डोंबारी दोन्ही नीट पाहिले होते.

वर्गाच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. पोरांना धाविक दाखवायच्या घाईत मी पाच-सहा जणांना घेऊन सरळ माळावरून चालत गेले. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं पाऊल पडलं तिथून वीतभर अंतरावर चार अंडी होती, टोकं आत वळवून मांडलेली, अगदी खड्यांसारखी. अंडी वाचली. पण आमच्या गोंधळामुळे टिटवी किती वेळ उन्हातल्या अंड्यांपासून लांब राहिली असेल, हे नंतर मनात बरेच दिवस सलत राहिलं.

## जो पक्षी आता वर्गात दाखवता येत नाही

धनगरमामांनी एकदा कमरेच्या वर हात धरून दाखवलं, "एवढा पक्षी असायचा. माळढोक. माझ्या वडिलांनी लई पाहिलाय." अतिशयोक्ती नव्हती ती. माळढोक मीटरभर उंच असतो, मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांतला हा जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. आता रानात जगभर मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या शेजारी, सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. तरी महाराष्ट्रात तो आता दिसणं जवळजवळ अशक्य आहे.

वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. माळ कमी झाला, शिकार झाली, आणि मग विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही. एवढं वजन घेऊन ऐनवेळी वळता येत नाही. ट्रकनं दुचाकीसारखं वळण घ्यावं, तसं ते होतं. म्हणूनच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या मुलखातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, आणि सौर-पवन ऊर्जेची निकड मांडली गेल्यावर २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. पण पिल्लू मोठं झालं की त्याला सोडायला माळ लागतो.

## मग झाडं लावायचीच नाहीत का?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. मीही पूर्वी वृक्षारोपणाच्या एका मोहिमेत याच माळाच्या दुसऱ्या टोकाला खड्डे खणले आहेत. मुरमात पहारीनं दोन फूट खणताना हाताला फोड आले. सव्वाशे रोपं लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात नऊ उरली होती. मेलेल्या रोपांचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चाळवून टाकलेल्या जमिनीचं. तिथं आता कुसळी नाही, पखुर्डी बसत नाही, आणि खड्ड्याखड्ड्यात वेडी बाभूळ उगवली आहे.

कारण साधं आहे. आपल्या काळ्या दगडाच्या या माळांवर मातीचा थर वीत-दीड वीत. त्याखाली मुरूम, त्याखाली खडक. मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठे? गवताला तेवढी माती पुरते, आणि गवताचं निम्म्याहून जास्त अंग जमिनीखाली मुळांच्या जाळ्यात असतं. तेच जाळं माती धरून ठेवतं.

झाडं लावाच. गावात, बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, जिथे माती खोल आहे तिथे. वड, लिंब, चिंच, बोर, हिवर. खंगलेल्या जमिनीवर आधी गवत येऊ द्या. माळाला मात्र माळ राहू द्या. माळावर मांडल्या जाणाऱ्या सौर पॅनेलबद्दलही मला हेच वाटतं. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच आहे, पण कागदावर "पडीक" लिहिलंय म्हणून डोळे मिटून शिक्का मारण्याआधी तिथे एक सकाळ तरी घालवावी. पडीक हा शब्द महसुलाच्या कागदावरचा. ज्या जमिनीतून सरकारला सारा मिळत नव्हता, ती ब्रिटिशांच्या लेखी पडीक ठरली, आणि शब्द तसाच चालत आला.

## पण पूर्वी इथे जंगलच होतं ना?

असं आपण शाळेतही शिकलो. दंडकारण्य होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला. डोंगरदऱ्यांत, नदीकाठी जंगल होतंच आणि ते तुटलंही. पण सगळा माळ काही तुटलेल्या जंगलाची जागा नाही. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी याचा शोध घ्यायला एक वेगळीच वाट धरली. तेराव्या शतकापासूनची मराठी कथनं, ओव्या, लोकगीतं त्यांनी चाळली आणि त्यांत कोणत्या झाडांची नावं येतात ते पाहिलं. देवाच्या आणि संतांच्या गोष्टींत भेटली ती बाभूळ, तरवड अशी मोकळ्या, काटेरी, गवताळ मुलखातली झाडं. पश्चिम महाराष्ट्रातलं गवताळ रान किमान साडेसातशे वर्षांचं आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या आजीच्या ओवीतला तरवड हा पुरावा ठरू शकतो, हे वर्गात सांगितल्यावर दोन आयांनी पुढच्या रविवारी ओव्या लिहून आणल्या.

## शेतकऱ्याला यातून काय?

माळावरची हरणं पीक खातात, हे खरं आहे, आणि नुकसान ज्याचं होतं त्याला माळाचं कौतुक ऐकवणं बरं नाही. पण दुसरी बाजूही मोजायला हवी. दिवाळीच्या आगेमागे मध्य आशियातून भोवत्या येतात, गवतावरून खालून खालून उडत नाकतोडे टिपणारे शिकारी पक्षी. रात्री ते झोपतात माळावरच्या गवतात, जमिनीवर. पिंगळा आणि कापशी घार हे पक्षी उंदीर मारतात. मामांच्या मेंढ्या माळावर चरतात आणि मग शेतात बसतात. एका रात्रीच्या त्या लेंडीखताला शेतकरी धान्य नाहीतर पैसे मोजतो. माळ गेला तर हा व्यवहारही गेला.

आणि पक्षी कमी होत आहेत. २०२३ च्या देशव्यापी अहवालात मोकळ्या गवताळ रानातल्या पक्ष्यांची घट सगळ्यांत ठळक आढळली. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो तारांवर बसणारा नीलपंखही काळजी करावी अशा यादीत आहे.

## मोबाइलवर सगळं कळतं, मग वर्ग कशाला?

मर्लिन नावाचं फुकट ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, ई-बर्ड या संकेतस्थळावर पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद करता येते. दोन्ही जरूर वापरा. पण ॲप नाव सांगून थांबतं. टिटवी का ओरडते, हे ते सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी शेजारी बसून म्हणावं लागतं, "थांब, बघ, आता ती काय करते ते बघ." शिवाय मामांना माहीत असलेली नावं अजून कुठल्याच ॲपमध्ये नाहीत. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी-अभ्यासकांच्या जन्मदिवसांच्या मधल्या आठवड्यात, राज्यात पक्षी सप्ताह असतो. आम्ही त्यात फक्त एक काम करतो. गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसांकडे जाऊन पक्ष्यांची नावं विचारतो आणि लिहून घेतो.

## सुरुवात करायची तर

दुर्बीण लागत नाही. वही, पेन्सिल, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, दोघांत दोन लिटर पाणी. मातकट रंगाचे कपडे. साप दिसला तर उभे राहा, तो वाट काढून जातो. बिळात आणि दगडाखाली हात घालायचा नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत परत. नवख्या माणसासाठी सर्वांत चांगला काळ दसरा ते होळी. गवत उभं असतं, पाहुणे पक्षी आलेले असतात, आणि ऊन सोसवतं. एका वेळी दोन झाडं, दोन पक्षी, बस्स. महिनाभर त्याच जागी जा.

आणि टिटवीचं ओरडणं अशुभ मानायचं सोडून द्या. तिची हाक तुमच्यासाठीच असते. ती डोक्यावर येऊन टिटीव-टिटीव करायला लागली की जागच्या जागी थांबा, पायाखाली बघा, आणि आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा. ती गप्प होऊन खाली उतरली, दोन पावलं पळाली आणि हळूच बसली, की समजा, तुम्ही पुरेसे लांब आलात.